कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचा कलाशिक्षक

शालेय अभ्यासक्रमात चित्रकलेला स्थान मिळाले ते केवळ सुंदर चित्रे निर्माण व्हावीत म्हणून नव्हे. समोरची वस्तू नीट पाहणे, पाहिलेले स्मरणात ठेवणे, त्यातून नवी रचना सुचणे आणि ती हाताने साकारणे या चार शक्ती बालकाच्या ठायी विकसित व्हाव्यात, हा या विषयाचा मूळ हेतू होय. चित्र हे त्या विकासाचे केवळ दृश्य फलित असते. हा भेद कलाशिक्षकाच्या मनात स्पष्ट असणे पूर्वीही आवश्यक होते. आज ते अपरिहार्य झाले आहे.

याचे कारण असे की, एक वाक्य लिहिताच काही सेकंदांत पूर्ण रंगीत चित्र तयार करून देणारी संगणकीय साधने आता सर्वसामान्यांच्या हाती आली आहेत. जानेवारी १९२१ मध्ये मुंबईच्या चित्रशाळेतील विद्यार्थ्याला जे कौशल्य कमावण्यास वर्षे लागत, त्या कौशल्याचे बाह्यरूप शंभर वर्षांनी यंत्र देऊ लागले. जानेवारी २०२१ मध्ये 'डॅल-ई' या साधनाची घोषणा झाली, आणि २०२२ साली 'मिडजर्नी' व 'स्टेबल डिफ्यूजन' ही साधने लोकांसाठी खुली झाली. आज ती साध्या मोबाइलवरही चालतात. शाळेतून दिलेले चित्रकलेचे गृहकार्य पालकांच्या मोबाइलवर तयार होऊ शकते, ही वस्तुस्थिती लक्षात घेऊनच पुढील विचार करावा लागेल.

राज्यात कलाशिक्षक घडविण्याची परंपरा जुनी आहे. १८५७ साली सुरू झालेली सर ज. जी. कलाशाळा, १९६५ साली स्थापन झालेले कला संचालनालय आणि गावोगावच्या कला महाविद्यालयांतून चालणारा कलाशिक्षक पदविकेचा अभ्यासक्रम ही तिची प्रमुख अंगे होत. या परंपरेतून बाहेर पडणाऱ्या नव्या शिक्षकाला कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून द्यावी काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती ओळख कोणत्या क्रमाने व कोणत्या मर्यादेत करून द्यावी, हा खरा प्रश्न आहे.

यंत्र चित्र कसे तयार करते

प्रशिक्षणार्थी शिक्षकाने प्रथम यंत्राची कार्यपद्धती समजून घ्यावी. तीत गूढ असे काही नाही. अशा यंत्राला आरंभी कोट्यवधी चित्रे व त्यांच्याखालील शब्द एकत्र दाखविले जातात. नंतर त्या चित्रांवर थोडाथोडा करून ठिपक्यांचा गोंधळ पसरविला जातो व तो गोंधळ दूर करण्याचा सराव यंत्राकडून करून घेतला जातो. सराव पूर्ण झाल्यावर यंत्रापुढे केवळ ठिपकेच ठेवले आणि 'डोंगरावरील देऊळ' असे शब्द दिले, तर त्या शब्दांशी जुळेल असा आकार ते ठिपक्यांतून टप्प्याटप्प्याने काढते. आषाढातील ढगांत मुलांना हत्ती किंवा घोडा दिसतो, तशीच काहीशी ही क्रिया आहे. फरक एवढाच की, मुलाने हत्ती किंवा घोडा प्रत्यक्ष पाहिलेला असतो. यंत्राने केवळ त्यांची चित्रे व शब्द यांचा मेळ पाहिलेला असतो.

या पद्धतीतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. यंत्र जे देते ते त्याला दाखविलेल्या संग्रहावर अवलंबून असते. स्टेबल डिफ्यूजन घडविताना ज्या संग्रहातील भाग उपयोगात आणले गेले, तो 'लायन-५बी' नावाचा संग्रह २०२२ साली खुला झाला. त्यात चित्र व शब्द यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे २३२ कोटी जोड्यांतील शब्द एकट्या इंग्रजीतील होते. उरलेल्यांत शंभरांहून अधिक भाषांचा वाटा होता. यावरून मराठी शब्दांच्या व मराठी जीवनाच्या वाट्याला त्यात किती जागा आली असेल, याची कल्पना यावी. 'घर' म्हटल्यावर यंत्राच्या चित्रात कोकणातील कौलारू घर येईल, देशावरील धाब्याचे घर येईल की परदेशातील उतरत्या छपराचा बंगला येईल, हे संग्रहातील बहुमतावर ठरते.

पक्षपाताचा प्रश्नही येथूनच उद्भवतो. २०२३ साली 'ब्लूमबर्ग' या वृत्तसंस्थेने स्टेबल डिफ्यूजनने तयार केलेल्या पाच हजारांहून अधिक चित्रांची पाहणी केली. अधिक वेतनाच्या व्यवसायांच्या चित्रांत गौरवर्णीय पुरुषांचे प्रमाण फार मोठे असल्याचे तीत दिसून आले. आपल्या शाळेतील मुलींना 'डॉक्टर', 'सरपंच' किंवा 'शास्त्रज्ञ' यांची चित्रे दाखविताना ती कोठून आली, हे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे शिक्षकावर येते.

रेखाकला परीक्षेच्या चार कसोट्या

प्रशिक्षणात या यंत्राची जागा ठरविण्यास आपल्याच व्यवस्थेत एक उत्तम मोजपट्टी आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे विषय राज्यातील प्रत्येक कलाशिक्षकास परिचित आहेत. त्या विषयांच्या कसोटीवर यंत्र लावून पाहिले असता त्याचा उपयोग कोठे व धोका कोठे, हे स्पष्ट होते.

पहिला विषय वस्तुचित्र वा स्थिरचित्र. तांब्या, वांगे, वस्त्राची घडी समोर ठेवून मूल प्रमाण, छायाप्रकाश व पोत पाहण्यास शिकते. येथे यंत्राला काहीही काम नाही. प्रकाशाची दिशा बदलली की छाया कशी बदलते, हे दाखविण्यास यंत्राच्या चित्रापेक्षा हातातील विजेरी अधिक उपयोगी पडते. पाहण्याचे शिक्षण प्रत्यक्ष वस्तूवाचून होत नाही, हे प्रशिक्षणार्थीच्या मनावर ठसले पाहिजे.

दुसरा विषय स्मरणचित्र. आठवडी बाजार, एस.टी. स्थानक, पाणवठा, बैलपोळा अशा प्रसंगांचे चित्र मूल आपल्या आठवणीतून काढते. यंत्राला अशी आठवण नसते. म्हणून मुलाचे चित्र पूर्ण होईपर्यंत यंत्राचे चित्र वर्गात येता कामा नये. ते आधी दाखविल्यास मूल आपला बाजार विसरून यंत्राचा बाजार काढू लागते. मात्र नंतर तुलनेसाठी त्याचा उपयोग होतो. 'या बाजारात काय खोटे आहे?' असे विचारल्यास मुले आपल्या गावाकडे अधिक बारकाईने पाहू लागतात.

तिसरा विषय संकल्पचित्र. येथे यंत्राला सर्वांत अधिक वाव आहे. एका आकृतिबंधाच्या अनेक रंगसंगती अल्पावधीत पाहता येतात व त्यांतील चांगली कोणती याची चर्चा करता येते. परंतु निवड करण्याची दृष्टी ज्याने स्वतः काही रचना करून पाहिल्या आहेत त्यालाच येते. म्हणून किमान तीन कच्च्या रचना हाताने केल्यानंतरच यंत्राकडे वळावे, असा दंडक प्रशिक्षणात असावा.

चौथा विषय भूमिती व अक्षरलेखन. अनेक यंत्रे देवनागरी जोडाक्षरे, वेलांट्या व रफार यांत चुका करतात. 'विद्यार्थी' हा शब्द फलकावर लिहून मागितल्यास अक्षरासारखे दिसणारे पण न वाचता येणारे आकार मिळू शकतात. ही साधने सुधारत आहेत, तरीही ही चूक ओळखण्यासाठी अक्षराची घडण माहीत असणारा शिक्षकच लागतो. शाळेच्या भिंतीवर वा ग्रामपंचायतीच्या फलकावर अशुद्ध अक्षर जाऊ नये, याची काळजी घेणारा तोच असतो.

या परीक्षा विद्यार्थ्याला कक्षात बसून, ठरावीक वेळेत व स्वतःच्या हाताने द्याव्या लागतात, हेही विसरून चालणार नाही. वर्षभराचे गृहकार्य यंत्राकडून करून घेणाऱ्या मुलाची उणीव परीक्षेच्या दिवशी उघडी पडते. त्या दिवशी हानी होते ती त्या मुलाची, यंत्राची नव्हे.

सराव पाठातील एक उदाहरण

कलाशिक्षकाच्या प्रशिक्षणात सराव पाठ व पाठ-टाचण यांना महत्त्वाचे स्थान आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचयही व्याख्यानापेक्षा सराव पाठातून करून देणे इष्ट ठरेल. 'टीचेबल मशीन' हे गुगलने २०१७ साली खुले केलेले विनामूल्य साधन त्यासाठी सोयीचे आहे. साध्या संगणकावरील कॅमेऱ्यापुढे वस्तू किंवा चित्रे धरून यंत्राला दोन गट ओळखण्यास शिकविता येते. प्रकल्प साठविला नाही, तर दाखविलेली चित्रे त्या संगणकाबाहेर जात नाहीत.

समजा, प्रशिक्षणार्थीने वारली शैलीतील तीस चित्रे व पिंगुळीच्या चित्रकथीची तीस चित्रे यंत्राला दाखविली. थोड्याच वेळात नवे चित्र समोर धरताच ते कोणत्या गटातील, हे यंत्र सांगू लागते. येथपर्यंत मुलांना आश्चर्य वाटते. आता शिक्षकाने एखादे लघुचित्र समोर धरावे. यंत्र 'हे मला माहीत नाही' असे म्हणत नाही. त्याला दोनच गट ठाऊक असल्याने त्या दोहोंपैकी एकात ते या चित्राची गणना करते, आणि कित्येकदा मोठ्या खात्रीने करते. नंतर सर्व वारली चित्रे तांबड्या व सर्व चित्रकथी पिवळ्या कागदावर चिकटवून प्रयोग पुन्हा करावा. यंत्र शैली ओळखते की केवळ कागदाचा रंग, असा प्रश्न आता मुलेच विचारतील.

या एका तासिकेत तीन गोष्टी शिकविल्या जातात. यंत्राला जे दाखविले तेवढेच ते जाणते. त्याची खात्री म्हणजे सत्य नव्हे. आणि शैली म्हणजे काय, हे सांगण्यासाठी रेषा, रचना व विषय यांचा विचार माणसालाच करावा लागतो. तिसरी गोष्ट तर निखळ कलाशिक्षणाचीच आहे.

उपकरणाविना पाठ

राज्यातील प्रत्येक शाळेत पुरेसे संगणक व अखंड वीज असेलच असे नाही. त्यामुळे उपकरणाविना घेता येणारे पाठही प्रशिक्षणात समाविष्ट असावेत. एका विद्यार्थ्याने एखादे चित्र इतरांना न दाखविता केवळ शब्दांत वर्णावे व इतरांनी ते ऐकून काढावे. वीस जणांची वीस वेगळी चित्रे तयार होतात. वर्णनात 'झाड' एवढेच म्हटले असेल तर कोणी आंबा काढतो, कोणी बाभूळ. शब्द जितका नेमका तितके चित्र नेमके, आणि शब्दांत न मावणारे कितीतरी चित्रात असते, हे दोन्ही धडे यातून मिळतात. यंत्राला सूचना कशी द्यावी, याचा हा पहिला अभ्यास खडू व फळ्यावरही होऊ शकतो. भाषेच्या शिक्षकांनाही या पाठात सहभागी करून घेता येईल.

माहितीची पडताळणी

चित्रे देणाऱ्या यंत्रांप्रमाणेच लेखी उत्तरे देणारी यंत्रेही शिक्षकाच्या हाती आहेत. परदेशी संग्रहालयातील माहितीचा मराठी सारांश, पाठ-टाचणाचा कच्चा मसुदा, दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी चित्राचे शब्दवर्णन अशा कामांत त्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. परंतु ही यंत्रे चुकीची माहितीही अस्खलित भाषेत देतात. याचा अनुभव प्रशिक्षणातच यावा. रावबहादूर म. वि. धुरंधर यांचा जीवनकाल १८६७ ते १९४४ असा असून 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. त्यांच्याविषयी यंत्राने दिलेले टिपण या ग्रंथाशी ताडून पाहावे आणि चुकांखाली तांबडी रेघ ओढावी. अशा एका स्वाध्यायाने ग्रंथालयाचे महत्त्व दहा व्याख्यानांपेक्षा अधिक पटेल.

लोककलेचे श्रेय

वारली चित्रकलेची गोष्ट येथे स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिण्याचे काम या समाजात सुवासिनी करीत आल्या. त्या चौकात पालघट देवीची स्थापना होते. ती केवळ सजावट नव्हे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली व २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीची चित्रकथी जतन करणारे परशुराम गंगावणे यांनाही २०२१ साली 'पद्मश्री' देऊन गौरविण्यात आले.

'वारली पद्धतीचे चित्र' असे लिहिताच यंत्र त्रिकोणी धडांच्या आकृती भराभर देते. त्या आकृती कोणाच्या परंपरेतून आल्या, चौकाचा अर्थ काय, तो कोणत्या प्रसंगी लिहितात, यांपैकी काहीही त्या चित्रासोबत येत नाही. पालघर वा डहाणूच्या परिसरातील शाळेत तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा होतो; कारण ज्या मुलीच्या आजीने चौक लिहिला, तिलाच यंत्राची नक्कल 'वारली' म्हणून दाखविली जाण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी गावातील जाणत्या चित्रकर्तीला वर्गात निमंत्रित करणे, हाच कलाशिक्षकाचा पहिला उपक्रम असला पाहिजे. ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी तिच्या मानधनाची तरतूद केल्यास तो खर्च सत्कारणी लागेल.

कायद्याचाही थोडा परिचय हवा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील व्याख्येनुसार संगणकनिर्मित कलाकृतीच्या बाबतीत ती निर्माण करविणारी व्यक्ती कर्ता मानली जाते. तथापि यंत्राच्या शिक्षणासाठी वापरलेल्या कलाकृतींच्या मोबदल्याचा वाद अनेक देशांत चालू आहे. हयात चित्रकाराचे नाव घेऊन 'त्यांच्यासारखे चित्र दे' अशी सूचना वर्गात देऊ नये, हा संकेत शिक्षकाने पाळणे उचित होय. यंत्राचे साहाय्य घेतलेल्या चित्राखाली तसा स्पष्ट उल्लेख असावा.

बालकांचे संरक्षण

युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात अशा निर्मितिक्षम साधनांच्या शाळेतील स्वतंत्र वापरासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचविली आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक होय आणि तिच्या माहितीच्या वापरास पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. कायद्यातील सवलतींचा तपशील काहीही असो, शिक्षकाने पाळावयाचा नियम सोपा आहे: विद्यार्थ्याचे छायाचित्र, नाव अथवा त्याने काढलेले चित्र कोणत्याही साधनात परवानगीवाचून घालू नये. छायाचित्राचे रूपांतर व्यंगचित्रपटासारख्या चित्रात करून घेण्याची हौस वर्गाबाहेरच राहावी.

ही सावधगिरी अनाठायी नाही. वर उल्लेखिलेला लायन-५बी संग्रह बालकांच्या शोषणाची चित्रे त्यात आढळून आल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये मागे घ्यावा लागला व २०२४ साली शुद्ध करून पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. म्हणूनच प्राथमिक वर्गांत साधन शिक्षकाच्याच हाती असावे व मुलांना दाखवावयाचे प्रत्येक चित्र त्याने आधी पाहिलेले असावे.

मूल्यमापनाची दिशा

अंतिम चित्रालाच सर्व गुण देण्याची पद्धती या पुढील काळात टिकणार नाही. पूर्ण चित्र यंत्रही देऊ शकते. ते चित्र घडतानाचा प्रवास मात्र विद्यार्थ्यालाच दाखवावा लागतो. कच्ची रेखाटने, खोडलेल्या रेषा, रंगांच्या चाचण्या यांची वही हे मूल्यमापनाचे मुख्य साधन व्हावे. यंत्राचा वापर झाला असल्यास कोणती सूचना दिली, किती चित्रे नाकारली आणि का नाकारली, याची नोंद त्याच वहीत असावी. त्यास दोन तोंडी प्रश्नांची जोड द्यावी: 'या चित्रातील कोणता निर्णय तुझा?' आणि 'तो बदलला असता तर काय झाले असते?' ज्याने चित्र घडविले आहे, त्याला या प्रश्नांची उत्तरे अवघड जात नाहीत.

या पद्धतीस वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. आठवड्यातील मोजक्या तासिका व मोठे वर्ग यांत प्रत्येकाची वही दर वेळी पाहणे शक्य नसते. परंतु प्रत्येक तासिकेस पाच विद्यार्थ्यांशी बोलण्याचा क्रम ठेवल्यास सत्रात सर्वांशी संवाद घडू शकतो. कलेच्या तासिका अन्य विषयांकडे वळविल्या जाऊ नयेत, एवढी दक्षता मात्र मुख्याध्यापक व पर्यवेक्षकीय अधिकारी यांनी घेतली पाहिजे.

प्रशिक्षणाचा क्रम

युनेस्कोने २०२४ साली शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात मानवकेंद्री दृष्टी, नीती, तंत्राची मूलतत्त्वे, अध्यापन व व्यावसायिक विकास अशा पाच अंगांत १५ क्षमता सांगितल्या असून प्रत्येक अंगाचे तीन स्तर कल्पिले आहेत. मानवकेंद्री दृष्टीला त्यात पहिले स्थान आहे, हे लक्षणीय होय. कलाशिक्षक पदविकेच्या दोन वर्षांत हा क्रम सहज बसविता येईल. पहिल्या वर्षी हाताचा पाया पक्का करावा व यंत्राची कार्यपद्धती, त्याचे पक्षपात आणि पडताळणी यांचा परिचय द्यावा. दुसऱ्या वर्षी सराव पाठांपैकी एक यंत्राच्या साहाय्याने व एक उपकरणाविना घेण्यास सांगावे. दोन्हींच्या पाठ-टाचणात 'येथे यंत्र का हवे?' आणि 'येथे यंत्र का नको?' अशी दोन सदरे असावीत. दुसऱ्या सदरात विचारपूर्वक उत्तर लिहिता येणे, हीच त्या प्रशिक्षणाच्या यशाची खूण मानावी.

सेवेतील शिक्षकांनाही या परिचयाची तितकीच निकड आहे. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांत एखादे सत्र कलाशिक्षकांकडे सोपविल्यास इतर विषयांच्या शिक्षकांनाही त्याचा लाभ होईल. ग्रामपंचायतींनी शाळेस संगणक देताना त्याबरोबर चित्रकलेचे कागद, रंग व ब्रश यांचाही विचार करावा. कागदावर स्वतःची रेघ ओढलेल्या बालकालाच यंत्राच्या चित्रातील उणीव दिसते, आणि ती दिसू लागणे हेच कलाशिक्षणाचे खरे फळ होय.